'टर्मिनेटर'चे पुढचे भाग: जॉन कॉनरला मारायची गरज होती का?

गिरगावकर:
'टर्मिनेटर' या हॉलिवूड सिनेमालिकेच्या पहिल्या दोन भागांबद्दल आपल्यात दुमत नाही, भांडणं सगळी पुढच्या चारांवरून. ते भाग वाईट बनवले म्हणून वाद होतात, हे मला पटत नाही. वाईट सिनेमा माणूस विसरून जातो. खरं दुखणं हे की पुढचा भाग आधीचा विजय काढून घेतो. १९९१च्या दुसऱ्या भागात यंत्रं २९ ऑगस्ट १९९७ला माणसांवर आणणार असलेला अणुबॉम्बचा प्रलय टळतो. शेवटची चिपही उरू नये म्हणून जॉनला वाचवायला आलेला यंत्रमानव टर्मिनेटर वितळलेल्या पोलादात उतरतो, साखळी खाली सोडायचं बटण जॉनच्या आईच्या, साराच्या हातात असतं आणि शेवटी त्याचा वर केलेला अंगठा तेवढा दिसत राहतो. २०१९च्या 'डार्क फेट'ने पहिल्या काही मिनिटांतच त्या जॉनला, यंत्रांविरुद्ध माणसांचा पुढारी व्हायच्या मुलाला, गोळ्या घातल्या. मग हे सगळं केलं कुणासाठी?

पार्लेकरीण:
काका, 'डार्क फेट'मध्येही स्कायनेट, म्हणजे प्रलय आणणारी ती संगणक यंत्रणा, जन्माला येतच नाही. माणसं लीजन नावाचं दुसरंच संकट उभं करतात. म्हणजे ९७ टळलं ते टळलंच, तीनशे कोटी जीव वाचले ते वाचलेच. आणि १९८४च्या सिनेमात साराला महत्त्व कशामुळे? पोटी जॉन जन्मणार म्हणून. 'डार्क फेट'मध्ये मेक्सिकोत मोटारींच्या कारखान्यात काम करणाऱ्या डॅनीबद्दल सारा तेच धरून चालते. निघतं काय, तर पुढारी डॅनी स्वतःच! थिएटरात माझ्या अंगावर काटा आला होता. हे व्हायला पस्तीस वर्षं लागली.

माटुंगा_लोकल:
विजय हिरावण्याचं म्हणाल तर दुसऱ्या भागाने पहिल्याचा पायाच काढला. पहिल्यात भविष्यातून आलेला काइल रीस हाच जॉनचा बाप. शेवटी पेट्रोल पंपावर काढलेला साराचा फोटो पुढे त्याच काइलच्या हाती पडणार असतो. चक्र पूर्ण, काही बदलत नाही. दुसरा भाग म्हणतो, भविष्य बदलता येतं. शिवाय दिग्दर्शक कॅमेरॉनने म्हातारी सारा आणि सिनेटर झालेला जॉन असा सुखान्त चित्रित करूनही वगळला आणि रात्रीचा रस्ता ठेवला. दार त्यानेच उघडं सोडलं.

गिरगावकर:
काळाचे नियम बदलले तर बदलू देत, मला त्याचं सोयरसुतक नाही. दुसऱ्या भागात साराने आधी सोसलेलं कामी येतं. डॅनी छानच लिहिली आहे, पण तिला जागा करून द्यायला जॉनचा बळी कशाला?

मुलुंडवाला:
तिसऱ्या भागाची (२००३) बाजू कुणीच घेत नाही, म्हणून मी घेतो. स्कायनेटला मारायला जॉन बंकरमध्ये पोचतो, तर तिथे जुनाट लपायची जागा. क्षेपणास्त्रं सुटलेली. रेडिओवर कुणीतरी विचारतं, इथे प्रमुख कोण? आणि जॉन उत्तर देतो. दादा, विजय इथेही गेला, पण त्या बदल्यात माणूस उभा राहिला. आम्ही हे सिनेमे केबलवर हिंदीत, मिळेल त्या क्रमाने पाहिले. काहींनी तिसरा आधी, पहिला नंतर. त्यामुळे दुसऱ्याचा शेवट म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं आम्हाला कधी वाटलंच नाही. वाद सिनेमाइतकाच, कोण कुठल्या दारातून आत आलं याचाही आहे.

पार्लेकरीण:
काका, जॉन का मेला ते सांगते. साराचं काम करणारी लिंडा हॅमिल्टन परत आली ती कशाच्या बळावर? ज्या यंत्राने मुलाला मारलं त्याच्या घरी जाऊन, त्याच्याच खांद्याला खांदा लावून तिला लढावं लागतं. त्याचा तिरस्कार करत, आणि डॅनीला वाचवण्यासाठी तो गिळत. जॉनला जिवंत ठेवून ही सारा लिहून दाखवा.