मदत हवी आहे : डिस्नेलँडच्या आर्ट कॉर्नरमधील जुनी फ्लिपबुके आणि सेल कसे जपावे?

सप्रेम नमस्कार.

मी दक्षिण कॅलिफोर्नियात राहतो आणि येथील मराठी शाळेतील मुलांना सुट्टीच्या दिवशी चित्रकला शिकवतो. अलीकडे एका गराज सेलमध्ये मला डिस्नेलँडमधील ‘आर्ट कॉर्नर’ या दुकानाच्या काही वस्तू एकत्र मिळाल्या : काही फ्लिपबुके (पाने भराभर चाळली की चित्र हलताना दिसणाऱ्या पुस्तिका), डोनाल्ड डक टप्प्याटप्प्याने काढायला शिकवणारी पुस्तिका, ‘टिप्स ऑन ॲनिमेशन’ ही छोटी पुस्तिका आणि मागे सोनेरी लेबल असलेले, पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवलेले एक सेल (ॲनिमेशनसाठी पात्र रंगवलेला पारदर्शक प्लॅस्टिकचा पत्रा). १९५५ मध्ये ॲनाहाइम येथे डिस्नेलँड सुरू झाले, त्याच वर्षीचे हे दुकान १९६६ पर्यंत चालले. स्टुडिओच्या दृष्टीने या सगळ्या वस्तू म्हणजे जाहिरातच होती. परंतु ॲनिमेशन शिकवणाऱ्या संस्था फारशा नव्हत्या त्या काळात, हलणारे चित्र एकेका कागदावर कसे तयार होते हे शाळकरी मुलाच्या हाती देणारी दुसरी सोय क्वचितच असेल. (योगायोग असा की, डिस्नेमध्ये काम केलेले क्लेअर वीक्स १९५६ मध्ये मुंबईत फिल्म्स डिव्हिजनच्या व्यंगचित्रपट विभागात शिकवायला आले आणि भारतीय ॲनिमेशनचे प्रणेते राम मोहन त्यांच्याच हाताखाली घडले.)

माझी मुख्य अडचण फ्लिपबुकांची आहे. पाने अंगठ्याखालून झरझर सोडल्याखेरीज त्यांना काही अर्थच नाही, आणि ती मुलांनी स्वतः चाळावीत अशी माझी मनापासून इच्छा आहे. मात्र पिना गंजल्या आहेत व कडेचा कागद ठिसूळ झाला आहे. पिना काढून पाने सुटी करावीत आणि स्कॅन करावीत, की आहेत तशीच ठेवून वरून छायाचित्रे घ्यावीत? प्रती काढताना प्रत्येक चित्राची जागा किंचितही सरकली, तर चाळताना पात्र थरथरते; ते कसे टाळावे?

दुसरा प्रश्न सेलचा. त्यावरील रेषा रंगीत शाईची आणि हाताने ओढलेली दिसते. डिस्नेच्या पूर्ण लांबीच्या चित्रपटांत झेरॉक्सची रेषा (म्हणजे पेन्सिलचे चित्र यंत्राने थेट सेलवर उतरवणे) १९६१ पासून सर्रास आली, त्यामुळे हे सेल त्याआधीचे असावे असा माझा अंदाज आहे. मागच्या बाजूचा रंग एका कोपऱ्यात उचकटू लागला आहे व पाठीमागचा कागद त्याला चिकटला आहे. शिवाय चौकट उघडली की व्हिनेगरसारखा मंद वास येतो. लॉस एंजेलिसमधील गेटी संवर्धन संस्थेच्या संशोधकांनी डिस्नेच्या संग्रहातील सेलवर काम करताना, आर्द्रता नियंत्रितपणे वाढवून सुटलेला रंग पुन्हा बसवण्याचा मार्ग अभ्यासल्याचे वाचनात आले आहे. असे काही घरी करणे योग्य ठरेल का?

अनुभवी व्यक्तींनी कृपया मार्गदर्शन करावे. विक्रीमूल्य जाणून घेण्याची इच्छा नाही.

प्रतिसाद

नमस्कार. आर्द्रतेचा प्रयोग आपण घरी मुळीच करू नये. गेटीसारख्या प्रयोगशाळेत यंत्रांचे नियंत्रण आणि रंगांचे परीक्षण हाताशी असते. चिकटलेला कागदही ओढू नका, कारण त्याच्याबरोबर रंग निघून येईल. व्हिनेगरचा वास हे सेलचे ॲसिटेट (म्हणजे त्याचे प्लॅस्टिक) विघटित होऊ लागल्याचे लक्षण आहे, आणि त्यातून निघणारे आम्ल कोंडले गेले की ही क्रिया आणखी वेगाने होते. म्हणून सेल हवाबंद पिशवीत ठेवू नका, पीव्हीसीच्या पाकिटात तर नकोच. इतर वस्तूंपासून वेगळे, आडवे आणि थंड, कोरड्या, अंधाऱ्या जागी ठेवा. आम्लता किती आहे हे दाखवणाऱ्या ए-डी पट्ट्या मिळतात, त्या वापरून पाहा. रंग बसवण्याचे काम मात्र संवर्धनतज्ज्ञाकडेच सोपवा.

फ्लिपबुकांच्या पिना काढू नका. कॅमेरा स्टँडवर पक्का करा, पुस्तिका सपाट उघडेल तितकीच उघडा आणि प्रत्येक पानाचे छायाचित्र घ्या. नंतर संगणकावर छायाचित्रे एकावर एक ठेवून जुळवा. जुळवताना हलणाऱ्या पात्राचा आधार न घेता छापील चौकटीचा किंवा स्थिर पार्श्वभूमीचा घ्या, म्हणजे थरथर राहणार नाही. छपाईसाठी जाड कागद वापरा आणि बांधणीच्या बाजूला भरपूर समास सोडा. मोकळी कड सगळी पाने एकत्र धरून छपाईच्या दुकानातील कटिंग मशीनवर कापून घ्या, कारण कात्रीने कापलेली पाने अंगठ्याखाली अडखळतात. अशा चार-पाच प्रती वर्गात ठेवल्या, तर एखादी फाटली तरी काही बिघडत नाही.