मन खचलं की मी ‘स्मृतिचित्रे’ उघडते

मन उदास असलं की हलकंफुलकं, विनोदीच वाचावं, असं बरेच जण म्हणतात आणि ते मला बऱ्याच अंशी पटतं. पण माझा अनुभव थोडा वेगळा आहे. फारच खचल्यासारखं झालं की विनोदी लेखन मला परकं वाटू लागतं. तेव्हा मी लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ ही आत्मकथा घेते.

पहिला भाग १९३४ सालचा, पण भाषा अशी की माजघरात बसून आजी बोलतेय. वडिलांचं टोकाचं सोवळं, मग नवऱ्याचं, म्हणजे कवी ना. वा. टिळकांचं, ख्रिस्ती होणं, त्यानंतरची कित्येक वर्षांची ताटातूट... यातलं एकेक माणसाला मोडून टाकायला पुरेसं होतं. बाई मात्र कुठेही गळा काढत नाहीत. रडल्या तिथे रडले म्हणतात, आणि पुढच्याच ओळीत टिळकांच्या विसरभोळेपणाचा असा किस्सा सांगतात की डोळ्यांत पाणी असतानाच हसू फुटतं. हे हसू मला जवळचं वाटतं, कारण ते दुःख बाजूला सारून आलेलं नसतं.

आई गेली त्या वर्षी तर सलग वाचवतच नव्हतं. रात्री कुठलंही पान उघडायचं, दोन-तीन पानं वाचायची आणि पुस्तक उशाशी ठेवून झोपायचं. पुढे काय होणार ते ठाऊक असल्यामुळे छातीत धडधड व्हायची नाही.

दुर्गाबाई भागवतांचं ‘ऋतुचक्र’, म्हणजे दर महिन्याच्या निसर्गावर एकेक लेख असलेलं पुस्तक, हेही असंच उपयोगी पडतं. जो महिना चालू असेल तोच लेख काढायचा आणि वाचून झाल्यावर जरा खिडकीत जाऊन उभं राहायचं.