समाजाचा कणखरपणा सरासरीत सापडतो का?

रानवारा: काल इथे कुणीतरी लिहिलंय, 'कणखरपणाची, म्हणजे संकटातून सावरायच्या ताकदीची, प्रश्नावली द्या, सरासरी काढा, गुण कमी तिथे ट्रेनिंग द्या.' डोकं तापलं वाचून. माणसांचे गुण मिळवून भागले की समाज होतो का? 1995च्या जुलैत शिकागोत उष्णतेच्या लाटेत सातशेवर माणसं गेली. शेजारशेजारच्या दोन वस्त्या, दोन्ही गरीब, दोन्हीकडे एकटे म्हातारे, आणि एकीकडचा मृत्युदर दुसरीच्या दहापट! क्लिनेनबर्ग या समाजशास्त्रज्ञाने खोदून पाहिलं तर जिथे कमी माणसं गेली तिथे दुकानं, वर्दळ, म्हातारे घराबाहेर पडायचे, जिथे जास्त गेली तिथे रस्ते ओसाड. हे कुठल्या प्रश्नात बसवणार?

मूल्यमापक: लिहिणारा मीच. त्याच शिकागोत सॅम्पसन या समाजशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसोबत 8782 लोकांना विचारलं होतं, पोरं शाळा बुडवून टवाळक्या करत असतील तर शेजारी हटकतील का? 1997 साली छापून आलंय, जिथे 'हो' जास्त तिथे हिंसा कमी. तीही प्रश्नावलीच होती ना?

निशिगंध: मी फॉर्म भरून घेत फिरलेय, कणखरपणा मोजायच्या कॉनर-डेव्हिडसन पट्टीचे 25 प्रश्न, प्रत्येकाला 0 ते 4 गुण. एका बाईंचा नवरा नुकताच गेलेला, त्या प्रत्येकाला 'हो हो, अगदी खरं'. झाले 100 पैकी 100. पेनाला टोपण लावलं तर हात धरून म्हणाल्या, बस ना अजून, आठ दिवसांत तूच आलीस. ते लिहायला फॉर्मवर जागाच नव्हती.

कोरा_कागद: बसणार कोण? पैसे फॉर्ममागे मिळतात. माझ्यासोबतचे दोघं झाडाखाली बसून फॉर्म रंगवायचे, सुपरवायझरला माहीत होतं, त्याला फक्त आकडा हवा.

मूल्यमापक: सगळ्यांना एका माळेत ओवू नका! आम्ही दहातल्या एका घरी परत जाऊन तपासतो.

कोरा_कागद: उरलेली नऊ घरं? आणि उन्हातान्हात फिरणाऱ्याला पगारी ठेवा म्हटलं की बजेट नसतं. आधी त्यावर बोला, मग कणखरपणा मोजा.

मूल्यमापक: पगाराचं बरोबर आहे, पण ते माझ्या हातात नाही. निशिगंधचाही मुद्दा मान्य, त्या पट्टीत सगळी वाक्यं सरळ आहेत म्हणून होकारवाले शंभरावर जातात. कणखरपणाच्याच 2008च्या सहा प्रश्नांच्या पट्टीत तीन उलटे आहेत, 'हो' म्हटलं की गुण कमी, तिथे असा माणूस मधोमध अडकतो. ट्रेनिंगची ओळ घाईत लिहिली, मागे घेतो. मोजणं मात्र सोडणार नाही.

रानवारा: मग संकटाआधी आणि नंतर त्याच माणसांना विचारा. नंतर एकदाच गेलात तर टिकलेलेच भेटणार, जे उठून गेले ते नमुन्यात नाहीतच, आणि म्हणणार समाज सावरला!

मूल्यमापक: तेच तर करायचंय. पण उठून गेलेल्यांचे पत्ते शोधायचा खर्च तीन प्रस्तावांत मागितला, तिन्ही वेळा तीच ओळ खोडून आली.