प्रति: नवी साइट गूगलवर दिसतच नाही
महिना झाला तरी साइट दिसत नाही म्हणताय, तर कीवर्डच्या, म्हणजे लोक शोधताना टाइप करतात त्या शब्दांच्या, मागे लागण्याआधी एक बघा. गूगलमध्ये इंग्रजीत 'साइट', लगेच कोलन आणि त्याला जोडूनच आपला पत्ता टाका. एकही पान आलं नाही आणि साइट वर्डप्रेस या साइट बनवायच्या सॉफ्टवेअरवर असेल, तर त्याच्या सेटिंग्जमध्ये 'रीडिंग'खाली सर्च इंजिनांना मज्जाव करणारी चौकट टिक केलेली आहे का पाहा. साइट बनवताना ती टिक करतात आणि नंतर काढायला विसरतात. माझी दोन आठवडे तशीच होती, आणि मी आपला मथळे बदलत बसलेलो!

मग सर्च कन्सोल या गूगलच्या साइटमालकांसाठीच्या सेवेत साइटमॅप, म्हणजे साइटवरच्या पानांची यादी, द्या, फुकट आहे. मेटा कीवर्ड, म्हणजे पानाच्या कोडमध्ये न दिसणारे कीवर्ड, भरायचे कुणी पैसे मागत असेल तर सरळ नाही म्हणा. क्रमवारीसाठी ते वापरत नाही, हे गूगलनंच २००९ मध्ये सांगितलंय.