मदत हवी आहे: पायथनमधल्या लढाईच्या खेळात सगळ्यांची झोळी एकच का होते?

नमस्कार मंडळी,

पायथनमध्ये क्लास-ऑब्जेक्ट (क्लास म्हणजे साचा, ऑब्जेक्ट म्हणजे त्यातून बनलेली वस्तू) शिकते आहे. सरावासाठी नुसत्या मजकुरावर चालणारा लढाईचा खेळ लिहायला घेतलाय. ड्रॅगन सगळेच करतात, म्हणून माझ्याकडे पिंपळावरचा मुंज्या, हडळ आणि खवीस; समोर एक गावकरी. १ दाबलं की वार, २ दाबलं की झोळीतला अंगारा, ३ म्हणजे पळ काढणे.

लढवय्या हा मूळ क्लास. त्यात इनिटच्या (प्रत्येक ऑब्जेक्ट बनताना चालणाऱ्या फंक्शनच्या) बाहेर, थेट क्लासखाली दोन ओळी आहेत: शक्ती १०० आणि झोळी म्हणजे रिकामी लिस्ट. बाकी सगळे त्याचे उपक्लास. गावकऱ्याच्या झोळीत अपेंडने अंगारा टाकला की तो मुंज्याच्या झोळीतही दिसतो, आणि मुंज्या आपल्या पाळीत अंगारा फासून घेतो! शक्तीचं मात्र असं होत नाही. मुंज्याला १५ चा फटका बसला की त्याची ८५ होते, गावकऱ्याची १०० च राहते. शेजारशेजारच्या ओळी, मग एक सामायिक आणि एक स्वतंत्र कशी? 'इनिटमध्ये हलवा' हे वाचलंय, पण कारण हवंय.

दुसरं, शक्ती संपली तरी मुंज्या उलटा वार करतो. भूतच ते, पण खेळात तरी मेल्यावर गप्प बसायला हवं. ही तपासणी कुठे ठेवू?

प्रतिसाद १
अंगारा फासणारा मुंज्या भारी आहे!

क्लासखालची ओळ क्लास तयार होताना एकदाच चालते, म्हणून लिस्ट एकच बनते. अपेंड तीच लिस्ट बदलतं आणि दोघंही तिच्याकडेच बघतात. शक्तीतून १५ वजा करताना वाचली जाते क्लासमधली १००, पण उत्तर लिहिलं जातं सेल्फवर, म्हणजे त्या एका मुंज्यावर. त्या क्षणी मुंज्याला स्वतःची शक्ती मिळते, क्लासमधली तशीच राहते. दोघांच्या झोळीवर आयडी फंक्शन (वस्तूची ओळख आकड्यात सांगणारं) चालवून बघा, आकडा एकच येईल.

प्रतिसाद २
इनिटमध्ये हलवताना जपून. तिथे कंसात झोळीची डिफॉल्ट किंमत म्हणून रिकामी लिस्ट दिलीत तर पुन्हा तेच रडगाणं, कारण डिफॉल्टही एकदाच बनतं. डिफॉल्ट नन (म्हणजे 'काहीच नाही') ठेवा, नवी लिस्ट आत बनवा. खवीसला स्वतःचा इनिट असेल तर त्यातून सुपरचा, म्हणजे मूळ क्लासचा, इनिट बोलवा, नाहीतर झोळी नावाचं ॲट्रिब्यूटच नाही अशी एरर येईल.

पाळी कोणाची, हे लढवय्याला कळायची गरज नाही. लढाई असा वेगळा क्लास करा. लढवय्याकडे 'जिवंत आहे का' एवढं सांगणारी मेथड असू दे आणि प्रत्येक वारानंतर लढाईने ती विचारावी. आणि वारातून बचाव वजा करत असाल तर मॅक्स (दोन आकड्यांतला मोठा देणारं फंक्शन) लावून फटका शून्याखाली जाऊ देऊ नका. नाहीतर बचाव वारापेक्षा मोठा असला तर गावकऱ्याने मारलं की खवीस आणखी ताजातवाना होतो.

धागाकर्ती
आयडी खरंच एक आला! झोळ्या आता वेगळ्या झाल्या, लढाई क्लासही जमला. दोघांचेही आभार. आता तीन मुंज्या एका लिस्टमध्ये आहेत. फॉर लूपमध्ये मेलेल्याला रिमूव्ह केलं की त्याच्या पुढच्याची पाळीच जाते.

प्रतिसाद १
ज्या लिस्टवर लूप फिरतोय तिच्यातून काही काढू नका. एक काढला की नंतरचे सगळे एक घर अलीकडे सरकतात, लूप मात्र पुढच्या घरावर जातो, म्हणून एक जण सुटतो. फेरी संपली की जिवंतांची नवी लिस्ट बनवा. फेरीच्या मधेच मेलेला वार करू नये म्हणून 'जिवंत आहे का' हे लूपच्या आतही विचारा.