सातारा-सांगलीतल्या परदेशी भागीदारीच्या कंपन्या: आकडे कुठून काढायचे?

कृष्णाकाठ, सांगली
एमबीएला आंतरराष्ट्रीय व्यवसाय शिकवतो. सातारा-सांगलीत कारखाना असलेल्या जॉइंट व्हेंचर कंपन्यांवर शोधनिबंध करतोय. परदेशी भागीदाराचा हिस्सा जास्त असेल तर भागीदारी लवकर मोडते का, हे बघायचंय. डीपीआयआयटीच्या (केंद्राच्या उद्योग विभागाच्या) परकीय गुंतवणुकीच्या आकड्यांत जिल्हा सापडत नाही. सीआयएनमध्ये (कंपनीच्या नोंदणी क्रमांकात) ‘एफटीसी’ ही अक्षरं असलेल्या कंपन्या गाळून घेतल्या तर चालेल? आणि भागीदारी ‘मोडली’ कधी म्हणायची?

सीएस विश्रामबाग
सर, एफटीसीची चाळणी नको. ती अक्षरं परदेशी कंपनीच्या खासगी उपकंपनीला मिळतात. त्यामुळे पूर्ण परकीय मालकीच्या कंपन्या आत येतील आणि ५०:५० वाल्या, पब्लिक लिमिटेड वाल्या बाहेर राहतील. नेमकं हवं तेच गळणार.

उलट्या बाजूने या. आधी एमआयडीसीनिहाय कारखान्यांची यादी करा, मग एमसीएवर (कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर) एकेका कंपनीचा एमजीटी-७, म्हणजे वार्षिक विवरणपत्र, उघडा. त्याला भागधारकांची यादी जोडलेली असते. शेअरवाटपाची तारीख पीएएस-३ या फॉर्ममध्ये मिळेल.

भागधारक करार सहसा तिथे सापडत नाही, पण आर्टिकल्स (कंपनीची अंतर्गत नियमावली) वाचाच. शेअर विकण्यावरचं बंधन आर्टिकल्समध्ये नसेल तर ते कंपनीवर बंधनकारक नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये रंगराज खटल्यात म्हटलं. तेव्हापासून वकील व्हेटोचे विषय, संचालक नेमण्याचे हक्क, पेच सोडवायची पद्धत हे सगळं तिथे उतरवतात. खरा ताबा कुणाचा, हे टक्क्यांपेक्षा तिथे जास्त कळतं.

हिस्सा सरळ रेषेत मोजू नका. आर्टिकल्स बदलण्यासारख्या मोठ्या निर्णयांना विशेष ठराव लागतो, आणि त्याला बाजूची मतं विरोधी मतांच्या किमान तिप्पट, म्हणजे ७५ टक्के, लागतात. म्हणून २६ टक्केवाला ठराव अडवू शकतो. २४ वरून २६ ला जाणं आणि ३४ वरून ३६ ला जाणं एकच नव्हे.

घाटमाथा
‘मोडली’ हा एकच रकाना ठेवलात तर निबंध तिथेच फसेल. परदेशी भागीदाराने हिस्सा विकत घेतला, भारतीय भागीदाराने घेतला, कंपनीच बंद झाली: तीन वेगळे कोड द्या. पुण्यात १९६२ मध्ये सुरू झालेली किर्लोस्कर कमिन्स आज कमिन्स इंडिया म्हणून चालू आहे. याला अपयश म्हणणार का? तारीख धरायची ती शेअर हस्तांतराची. नाव बदलायला कधी कधी बराच वेळ जातो.

दुसरं, हिस्सा दरवेळी भागीदारांनी ठरवलेला नसतो. फेरा (जुना परकीय चलन नियमन कायदा) असताना परदेशी हिश्शाची सर्वसाधारण मर्यादा ४० टक्के होती. १९९१ नंतर ठरावीक उद्योगांत ५१ टक्क्यांपर्यंत आपोआप मंजुरी मिळू लागली. १९९८ च्या प्रेस नोट १८ या सरकारी आदेशामुळे जुना भारतीय भागीदार असताना त्याच क्षेत्रात नवा उद्योग काढायला परदेशी कंपनीला सरकारची परवानगी लागे. हा नियम २००५ मध्ये सैल झाला, एप्रिल २०११ मध्ये गेला. स्थापनेचं वर्ष आणि नियमांचा काळ मॉडेलमध्ये घातला नाहीत, तर कायद्याचा परिणाम हिश्शाच्या खात्यावर जमा होईल.

एमसीए२१ पोर्टल २००६ चं. त्याआधी बुडालेल्या कंपन्यांचे कागद तिथे तुटपुंजे, म्हणून जुन्या भागीदाऱ्या वाजवीपेक्षा टिकाऊ दिसतात.

ताळेबंद
नुसता निव्वळ नफाही बघू नका. परदेशी भागीदाराची कमाई रॉयल्टी, तांत्रिक शुल्क आणि सुट्या भागांच्या विक्रीतूनही होते. ताळेबंदाला जोडलेली ‘संबंधित पक्षांशी व्यवहार’ ही टीप काढून बघा.

कारखानानिहाय आकड्यांचा नाद मात्र सोडा. टाटा कमिन्सचे कारखाने जमशेदपूरला आणि फलटणला. कंपनीच्या ताळेबंदातून फलटण वेगळं काढता येत नाही.

कृष्णाकाठ, सांगली
आभार. दोनच जिल्हे घेतले तर नमुना फार लहान होईल, नाही का?

घाटमाथा
होणारच. आकडेमोडीसाठी पुणे आणि कोल्हापूर जोडा. सांगलीतून किर्लोस्करवाडीची किर्लोस्कर एबारा घ्या, १९८८ पासूनची जपानी भागीदारी आहे. तिचा स्वतंत्र केस स्टडी होईल. फक्त तंत्रज्ञान घेतलेल्या, शेअर न दिलेल्या कंपन्या यादीतून काढा.