डाइव्ह कॉम्प्युटर नक्की काय मोजतो?
कुणी म्हणतं की डाइव्ह कॉम्प्युटर (पाणबुड्याच्या मनगटावरचं यंत्र) रक्तातला नायट्रोजन मोजतो, बोटावरचा ऑक्सिमीटर ऑक्सिजन मोजतो आणि बोटीवरच्या डॉक्टरला हे आकडे पाण्याखालूनच दिसतात. मोजत नाही हो! तो मोजतो खोली आणि वेळ. बाकी सगळं गणित, म्हणजे खोलीवर शरीरात किती नायट्रोजन मुरला असेल याचा अंदाज. संशोधक ब्यूलमन यांच्या प्रसिद्ध गणितात शरीराचे १६ काल्पनिक कप्पे धरतात, प्रत्येकाचा नायट्रोजन शोषायचा वेग वेगळा. तुमची झोप झाली नाही, पाणी कमी प्यायलात, हे त्याला काय कळणार? वर येताना नायट्रोजनचे रक्तात होणारे बुडबुडे खरोखर ऐकायचे तर डॉप्लर (ध्वनिलहरींनी रक्तप्रवाह टिपणारं यंत्र), तोही बहुधा वर आल्यावर छातीला लावून. बोटावरचा ऑक्सिमीटर तर विसराच. थंड पाण्यात बोटांतल्या रक्तवाहिन्या आखडतात नि आकडे भरकटतात. म्हणून फ्रीडायव्हरांवरच्या (टाकीशिवाय, श्वास रोखून बुडी मारणाऱ्यांवरच्या) प्रयोगांत सेन्सर कपाळावर लावून पाहिलेत. शिवाय ब्लूटूथ पाण्यात फारसं लांब जात नाही, मग बोटीवरच्या डॉक्टरला आकडे दिसणार कसे?